"तिथली शाळा टायटल वन आहे, घर घेऊ नका"

परवा आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नव्याने आलेल्या एका जोडप्याला हा सल्ला मिळाला. मला तो फार लागला. टेक्सासमधल्या अशाच एका शाळेत मी चार वर्षं वाचन शिकवते आहे आणि माझा पगार टायटल वनच्या पैशांतूनच होतो.

टायटल वन म्हणजे शाळेचा दर्जा नव्हे. गरीब घरांतली मुलं जास्त असलेल्या शाळांना फेडरल सरकार देतं तो निधी. ११ एप्रिल १९६५ ला तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी हा निधी सुरू करणाऱ्या कायद्यावर सही केली, तीही वॉशिंग्टनमध्ये नाही. इथे टेक्सासमध्ये, लहानपणी ज्या एकखोली शाळेत गेले तिच्यासमोर, आपल्या पहिल्या बाईंना शेजारी बसवून. तरुणपणी कोटुला गावात ते मेक्सिकन कुटुंबांतल्या मुलांना शिकवत. उपाशीपोटी वर्गात येणारी ती पोरं ते विसरले नव्हते.

हा निधी लागतोच कशाला? कारण इथल्या शाळांचा मोठा खर्च प्रॉपर्टी टॅक्समधून भागतो. सॅन अँटोनियोतल्या एजवुड या गरीब स्कूल डिस्ट्रिक्टमधल्या (म्हणजे शाळा चालवणाऱ्या स्थानिक विभागातल्या) पालकांनी यावरून खटला भरला होता. साठच्या दशकाच्या शेवटी ते शेजारच्या श्रीमंत अलामो हाइट्सपेक्षा जास्त दराने कर भरत होते, तरी त्या स्थानिक करातून एजवुडच्या मुलामागे जमायचे २६ डॉलर आणि अलामो हाइट्सच्या मुलामागे ३३३. घरंच स्वस्त, तर कर येणार कुठून? १९७३ मध्ये सुप्रीम कोर्टात ते ५ विरुद्ध ४ मतांनी हरले. पुढे राज्याने श्रीमंत डिस्ट्रिक्टकडून पैसे घेऊन वाटायला सुरुवात केली, दरी कमी झाली, पण बुजली नाही. आपण "चांगलं स्कूल डिस्ट्रिक्ट" बघून घर घेतो ना, त्या दरीच्या वरच्या काठावर आपण राहतो. मीसुद्धा.

टायटल वनचे वर्षाला साधारण १८ अब्ज डॉलर देशभरातल्या शाळांच्या खर्चात शंभराला दोन-तीनच पडतात. पण आमच्या शाळेत त्यांचा अर्थ आहे एक अर्धगोल टेबल, चार मुलं आणि रोजची तीस मिनिटं. त्यातला एक दुसरीतला. घरी स्पॅनिश, त्यामुळे 'शिप'चं 'चिप' व्हायचं, आणि अडला की चित्र बघून काहीतरी ठोकून द्यायचा. भरलेल्या वर्गात हे बाईंच्या लक्षात यायला वर्ष गेलं असतं. फेब्रुवारीत एके दिवशी त्याने आपणहून चित्रावर तळहात ठेवला आणि ओळ वाचली. अख्खी. मग हात उचलून बघितलं, बरोबर वाचलंय का ते.

फेडरल शिक्षण खातंच बंद करायची भाषा चालू असताना या पैशांवर कुऱ्हाड पडेल का, अशी धाकधूक आमच्या स्टाफरूममध्ये रोज असते. मला वाटतं, हा निधी वाढायला हवा, तोही जिथे गरिबी सगळ्यात दाट आहे तिथे आधी.

त्या जोडप्याला मी वेगळा मेसेज केला आहे. अशा प्रत्येक शाळेला वर्षातून एकदा पालकांची सभा घेऊन हा पैसा काय आहे ते सांगावंच लागतं. घर ठरवण्याआधी आमची शाळा बघून जा म्हटलं, मीच दाखवते.