गाडी छोटी आहे म्हणून ती काटकोनात लावता येते काय?

समांतर उभ्या असलेल्या दोन मोटारींच्या मधल्या फटीत एक इवलीशी गाडी फुटपाथकडे तोंड करून उभी असल्याचे छायाचित्र वरचेवर फिरत असते. सोबत दावाही ठरलेला असतो: अशा गाडीची लांबी मोठ्या गाडीच्या रुंदीएवढीच असते, काटकोनात लावण्यास कायद्याची मनाई नाही, जागा निम्मी लागते आणि धोका काहीच नाही.

लांबीचा मुद्दा आधी घेऊ, कारण बाकीचे सारे त्यावरच उभे आहे. या दाव्यात हमखास दिसणारी स्मार्ट फॉरटू ही दोन आसनी गाडी पहिल्या पिढीत 2.5 मीटर लांब होती. पुढच्या पिढ्यांत ती सुमारे 2.69 मीटर झाली. साधारण मोटारीची रुंदी 1.8 मीटर धरली आणि ती फुटपाथच्या कडेपासून 30 सेंटिमीटरवर उभी आहे असे मानले, तर तिची बाहेरची बाजू 2.1 मीटरवर येते. म्हणजे बंपर अगदी कडेला टेकवला तरी नवी फॉरटू शेजारच्या गाडीपेक्षा जवळजवळ 60 सेंटिमीटर रस्त्यात राहते, आणि सायकलस्वार नेमका तिथूनच जात असतो. चाके कडेला भिडेपर्यंत गाडी पुढे घेतली, तर गाडीचे नाक फुटपाथवर येते आणि अडचण पादचाऱ्याची होते.

मनाई नाही, हे विधान नियम उलट्या बाजूने वाचल्यामुळे निघते. पुष्कळ ठिकाणी कायदा काय करू नये हे सांगत नाही, काय करावे ते सांगतो. कॅलिफोर्नियाच्या वाहन संहितेचे कलम 22502 उजवी चाके कडेला समांतर आणि 18 इंचांच्या आत हवीत असे म्हणते; त्यात मोटारसायकलींना स्वतंत्र सवलत आहे, आखूड मोटारींना नाही. जर्मनीच्या वाहतूक नियमांत जागा वाचवून गाडी लावण्याचे बंधन आहे खरे, आणि दावेदार ते मोठ्या हौसेने दाखवतात. पण त्याच नियमांचे पहिले कलम इतरांना धोका किंवा टाळता येण्याजोगा अडथळा करू नये असेही बजावते. सॅन फ्रान्सिस्कोच्या तीव्र चढांवर गाड्या काटकोनात लागतात, परंतु तेथे परवानगी जागेला असते आणि ती फलकावर लिहिलेली असते. गाडीच्या आकाराशी तिचा संबंध नाही. पोलिसांनी पावती फाडली नाही, हा तर पुरावाच नव्हे.

सुरक्षिततेबाबत एक गोष्ट मान्य करावी लागेल: अशा गाडीचे दार रहदारीत उघडत नाही. मात्र निघताना ती उलटी काढावी लागते, आणि शेजारी उंच व्हॅन असेल तर चालकाला रस्ता दिसण्यापूर्वीच गाडीचा मागचा भाग रहदारीत गेलेला असतो. रात्रीचा धोका याहून कमी लक्षात येतो. मागचे लाल रिफ्लेक्टर मागून येणाऱ्याचा प्रकाश परतवण्यासाठी असतात. गाडी काटकोनात असली की ते समोरच्या फुटपाथकडे पाहतात आणि येणाऱ्याला दिसते ती नुसती बाजू. वाहनांच्या दिव्यांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक 48 प्रमाणे मोटारवाहनांपैकी 6 मीटरहून लांब असलेल्यांनाच बाजूचे रिफ्लेक्टर सक्तीचे आहेत. अमेरिकेत ते सर्व मोटारींना लागतात, म्हणून तिथला अनुभव सगळीकडे लागू करता येत नाही.

उरला निम्म्या जागेचा हिशेब. नव्या फॉरटूची रुंदी सुमारे 1.66 मीटर आहे आणि दोनच दारे असल्याने ती लांब आहेत; चालकाला उतरण्यापुरती जागा एका बाजूला ठेवली तरी सव्वादोन मीटर लागतात, आणि तिची स्वतःची लांबी 2.69 मीटरच आहे; म्हणजे जागा निम्मी होत नाही. शिवाय पुढच्या-मागच्या गाड्यांना निघण्यासाठी अंतर सोडावे लागते, ते छायाचित्रात कोणी मोजत नाही.