स्टाइल सापडली का?

गेल्या महिन्यात कॉलेजात ज्युरी झाली, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडायचं. थर्ड इयर, अप्लाइड आर्ट, विषय इलस्ट्रेशन. एका कथेसाठी चार चित्रं काढायची होती. मी ब्रश आणि काळ्या शाईत काढली, रात्री जागून. बाहेरून आलेल्या सरांनी चारही शीट पाहिल्या, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "हे दलाल झाले. यात तू कुठं आहेस?" दलाल म्हणजे जुन्या दिवाळी अंकांत चित्रं काढणारे दीनानाथ दलाल. मागं दोघं-तिघं खुसखुसले. मार्क बरे पडले, पण तो प्रश्न घशात माशाचा काटा अडकावा तसा अजून बसलाय. आम्ही कुडाळचे, काट्याचं आम्हाला चांगलं कळतं.

तेव्हा तोंडातून शब्द फुटला नाही, म्हणून इथं लिहितेय.

आमच्या माळ्यावर आजोबांनी जमवलेले दिवाळी अंक आहेत. निम्मे कसरीनं खाल्लेले, उरलेल्यांना कोकणातल्या पावसाचा वास. दीनानाथ दलाल मला तिथं भेटले. ते मूळचे मडगावचे, १९४५ साली त्यांनी स्वतःचा 'दीपावली' अंक सुरू केला, वगैरे सगळं मागाहून कळलं. आधी दिसला तो एका बाईचा पदर सावरणारा हात. सातवीत, एलिमेंटरीच्या परीक्षेची तयारी चालू असताना, मी तो हात बटर पेपर ठेवून गिरवला. करंगळीच्या बाहेरच्या कडेला रेषाच नव्हती. कागद कोरा सोडलेला, आणि तरी करंगळी दिसत होती! मला वाटलं, छापताना उडाली असेल. मी ती रेषा भरून टाकली आणि हात मेला. तांदळाच्या भाकरीसारखा चपटा.

ती करंगळी का उघडी होती, हे कळायला मला सात-आठ वर्षं लागली.

तेव्हा आतल्या पानांवरची कथाचित्रं बहुतेक लाइन ब्लॉकनं छापायची. चित्राचा फोटो काढून जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचा, नको तो भाग ॲसिडनं खायला घालायचा, उरलेल्या उंच भागाला शाई लागायची. म्हणजे एक तर ठार काळं, नाहीतर कागदाचा पांढरा. मधलं राखाडी हवं असेल तर रेषांच्या जाळीतून किंवा कोरड्या ब्रशच्या खरखरीतून त्याचा भास उभा करायचा. शिवाय मूळ चित्र मोठं काढून लहान करून छापायचे, त्यामुळे जवळजवळच्या रेषा एकमेकींत मिसळून जायची भीती.

हे लेक्चरला ऐकलं होतंच. कळलं झेरॉक्सच्या दुकानात. ए-थ्रीवर एक बाई काढली, केसांत आणि पदराच्या सावलीत दाट हॅचिंग केलं, म्हणजे शेजारी शेजारी बारीक रेषा मारल्या, आणि काकांना म्हटलं, पन्नास टक्के करून द्या. मशीनमधून जे आलं ते बघून काका म्हणाले, "शाई सांडली का गं?" केसांचा डांबराचा गोळा झाला होता. तशाच उभ्या उभ्या मला माळ्यावरचा अंक आठवला. दलाल रेषांमध्ये जागा सोडायचे, कारण छापखाना ती जागा खाऊन टाकणार हे त्यांना ठाऊक असणार. आणि जागा सोडायची सवय हाताला लागली की मग ती करंगळीवरही सुटते, नुसत्या उजेडासाठी. असा माझा अंदाज. मी आयपॅडवर काढत होते तेव्हा हा प्रश्नच कधी पडला नव्हता. तिथं राखाडीच्या दोनशे छटा फुकट आणि चूक झाली की दोन बोटांनी टिचकी.

(आमच्या घरात देव चित्रकार रघुवीर मुळगावकरांचे आणि अंकातल्या बायका दलालांच्या अशी वाटणी होती. मुळगावकरांची ती एअरब्रशनं रंग फवारून केलेली लोण्यासारखी कातडी आईला फार आवडते. मला नाही. हात कुठं थांबला ते त्यात सापडतच नाही. यावरून आमच्याकडे भांडणं झालीत.)

गाणं शिकणारी माझी रूममेट चार वर्षं एकाच बाईंकडे जाते. तिच्या ताना अगदी बाईंसारख्या येतात आणि लोक कौतुकानं म्हणतात, तालीम चांगली आहे. मी दलालांसारखी रेषा काढली की ती नक्कल! विशीतल्या गाणाऱ्याला "तुझी गायकी कुठाय" असं कुणी विचारत नाही, पण चित्रकाराला सेकंड इयरपासून "स्टाइल सापडली का" म्हणून धारेवर धरतात. जणू ती बसमध्ये विसरलेली छत्री आहे. परिणाम काय होतो? वर्गातली निम्मी मुलं इन्स्टावरून दोन-तीन चेहरे उचलतात, मोठे डोळे, लाल नाक, आणि त्याला स्वतःची स्टाइल म्हणतात. मीही वर्षभर हेच केलं. ती खरी नक्कल होती, कारण ते नाक लाल का, हे मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

२०२५ मध्ये एआयकडून फोटोचं घिबली या जपानी स्टुडिओच्या कार्टूनसारखं चित्र करून घ्यायची लाट आली, तेव्हा आत्यानं स्वतःचा फोटो त्या थाटात करून ग्रुपवर टाकला आणि मला विचारलं, "तुला येतं का असं?" येत नाही आत्या. व्यंगचित्रकार वसंत सरवटे पेशानं सिव्हिल इंजिनिअर होते, हेही आत्यानंच मला बारावीनंतर ऐकवलं होतं, वेगळ्या कारणासाठी.

आता थोडी लाज वाटणारी गोष्ट. पिंगुळी आमच्या घरापासून रिक्षानं दहा मिनिटांवर. तिथले ठाकर कलाकार पिढ्यान्‌पिढ्या चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत कथा, सांगत आले. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली; त्यांनी घरच्या गोठ्यातच संग्रहालय उभं केलंय. मी तिथं पहिल्यांदा गेले कधी, तर पुण्यात आल्यावर, प्रोजेक्ट मिळाला म्हणून! पाठीला पाठ चिकटवलेली चित्रं, एक कथा संपेपर्यंत एकामागून एक उलटायची. चेहरा बाजूनं, डोळा मात्र टपोरा, समोरून बघणारा. मला वाटतं, शेवटच्या रांगेतल्या माणसाला दिव्याच्या उजेडात राक्षस कुणाकडे बघतोय ते कळायला हवं, म्हणून तो डोळा एवढा. दलालांची रेषा लाइन ब्लॉकनं ठरवली, तशी इथली रात्रीनं आणि लांबच्या प्रेक्षकानं.

सध्या मोबाइलवर वाचायच्या एका गोष्टीसाठी चित्रं काढतेय. अंगठ्यानं सरकवत जाणारा वाचक, चार बोटं रुंद पडदा. पहिल्या तीन चित्रांत बारकावे कोंबले आणि पडद्यावर त्यांची भाजी झाली. चौथ्यात डोळे मोठे केले, मागचं घर काढून टाकलं, हाताची एक कड सोडून दिली.

ते चित्र आजीला व्हॉट्सॲपवर पाठवलं. लगेच फोन आला.

"ह्या कोणाचा?"

"माझाच गे आजये."

"हात तेवढो त्या अंकातल्या बाईचो दिसता."