ईडा, पीडा, अंड्यांचे ट्रे… घेऊन जा गे मारबत!

‘घरच्या घरी स्टुडिओ’ नावाचा एक मेसेज महिनाभरात मला चार ग्रुपांवर आला, त्यातला एक आमच्या भजनी मंडळाचा. थोडक्यात मजकूर असा: भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवा, खोली साउंडप्रूफ. माईक कंडेन्सरच हवा. रेकॉर्डिंग 192 किलोहर्ट्झवरच करा. कूलर-पंख्याचा आवाज नंतर सॉफ्टवेअर काढतं. आणि शेवटी ठळक अक्षरांत, जुगाडाने संगीत होत नाही. आमच्या नागपुरात ‘ईडा, पीडा घेऊन जा’ म्हणत मारबतीचा पुतळा मिरवून जाळतात, हा मेसेज तिच्यासोबतच पाठवावा म्हणतो. पाचही मुद्द्यांवर माझं भांडण आहे, एकावर जरा कमी.

ट्रे. यात मी स्वतः फसलोय. सक्करदऱ्याच्या घरी दहा बाय दहाच्या खोलीत दोन भिंतींना मिळून दोनशेच्या आसपास ट्रे लावले. आईने दारातूनच विचारलं, ‘काहून रे, कोंबड्या पाळतं का खोलीत?’ दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या ऑटोचा हॉर्न होता तसाच आत आला. येणारच होता. आवाज अडवायला वजन लागतं: विटेची भिंत, जड दार, दाराखालची बुजवलेली फट. भिंतीचं वजन दुप्पट केलं तेव्हा कुठे साधारण 6 डेसिबलचा फरक पडतो, आणि ट्रे म्हणजे कागदाचा वाळलेला लगदा. टाळी वाजवल्यावरची झणझण त्याने थोडी कमी होते, तेवढं श्रेय देतो. पण खोलीतला खालच्या सुरांचा घुमारा जागचा हलत नाही. शिवाय वायरी आणि प्लगांच्या शेजारी भिंतभर कागद लावणं हा शहाणपणा नव्हे.

कापसाच्या मुलखात राहून आपण अंड्यांच्या ट्रेंकडे बघतो, याचंच मला हसू येतं. घरात कापसाची गादी असते ना? ती उभी करा, पण भिंतीला टेकवू नका, मध्ये वीतभर जागा सोडा. हवेची हालचाल भिंतीपाशी जवळजवळ थांबलेली असते आणि भिंतीपासून पाव तरंगलांबीवर सगळ्यात जोरात असते. 400 हर्ट्झच्या सुराला ते अंतर साधारण 21 सेंटीमीटर येतं, म्हणजे जवळजवळ एक वीत. त्या जागी कापूस असला की तो आवाज खातो. 100 हर्ट्झला हेच अंतर 86 सेंटीमीटर होतं, तेव्हा ढोलकीच्या धुमेसाठी गादीकडून चमत्काराची अपेक्षा नको.

आणि गादी ठेवायची कुठे? लोक माईकच्या मागे लावतात. गाण्याचा नेहमीचा माईक पाठीमागून सगळ्यात कमी ऐकतो, त्याला दिसते ती गाणाऱ्याच्या मागची भिंत. गादी तिथे हवी. मी ट्रे काढले त्याच संध्याकाळी दोन गाद्या उभ्या केल्या आणि तेच कडवं पुन्हा गाऊन घेतलं. आवाज डब्यातून बाहेर आल्यासारखा वाटला.

कंडेन्सर. इथे भांडण कमी. खोली शांत आणि मऊ असेल तर कंडेन्सर सुंदर ऐकतो, फक्त सगळंच ऐकतो: कुकरची शिट्टी, भाजीवाला, शेजारच्यांची मालिका. आमच्या मंडळाची खंजिरी त्याच्यासमोर वाजवली तर झांजा कानात टोचतात. साध्या डायनॅमिक माईकपासून वीतभर अंतरावर, जरा तिरकी धरली, की चामड्याची थापही ऐकू येते. शुअरचा एसएम58 हा असला माईक 1966 पासून बाजारात आहे.

192 किलोहर्ट्झ, म्हणजे आवाजाचे सेकंदाला 1,92,000 नमुने घेणं. माणसाचा कान फार तर 20 किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, तोही तरुण असेल तर. सूर टिपायला त्याच्या दुपटीहून थोडे जास्त नमुने पुरतात, म्हणून ते 48 मध्ये आरामात मावतं. 192 वर 24 बिटचा एक ट्रॅक मिनिटाला साडेचौतीस एमबी खातो, 48 वर साडेआठ. पुढे जा.

कूलर. नागपुरात मे महिन्यात कूलर बंद करा म्हणणारा माणूस घरात नकोसा होतो, हे मला मान्य आहे. पण सॉफ्टवेअर ती घरघर काढताना पेटीच्या सुराची शेपटीही कुरतडतं, मागे उरतो पाण्यात बुडाल्यासारखा आवाज. आम्ही पहाटे पाचला रेकॉर्ड करतो. तेही जमलं नाही तर गाण्यापुरता, पाच मिनिटं, घाम गाळायचा.

आणि जुगाड. 1947 मध्ये शिकागोत बिल पुटनम यांनी स्टुडिओच्या बाथरूममध्ये स्पीकर आणि माईक ठेवून रेकॉर्डिंगला घुमारा दिला. 1957 मध्ये जर्मनीच्या ईएमटी कंपनीने घुमारा देणारं 140 नावाचं यंत्र आणलं. त्याच्या पोटात काय, तर टांगलेला पोलादी पत्रा, साधारण दोन मीटर बाय एक, जाडी अर्धा मिलिमीटर. एका जागी आवाजाने पत्रा हलवायचा, दुसऱ्या जागी ते कंप टिपायचे. मोठमोठ्या स्टुडिओंनी हा पत्रा वापरला. त्याला कुणी जुगाड म्हणालं नाही.

माझा पत्रा कूलरचा. थंडीत कूलर गच्चीवर पडून असतो, त्याचं वरचं झाकण काढलं. एका बाजूला एक्सायटर, म्हणजे पडदा नसलेला स्पीकर समजा. दुसऱ्या बाजूला कंप टिपायला पिएझोची पितळी चकती, बझरमध्ये असते ती. ती बर्डीच्या बाजारात तर्री-पोह्याच्या प्लेटच्या पैशात मिळते. पहिल्या दिवशी पत्रा चारही कोपऱ्यांत ताणून बांधला, तर निव्वळ तेलाचा डबा वाजला. मग दोनच कोपऱ्यांना सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या बांधून जिन्यात मोकळा सोडला. सेकंदभराची लांबट, जरा धातूची शेपटी मिळाली. खंजिरीच्या थापेला ती छान बसते.

चकतीचा एक खोडसाळपणा सांगून ठेवतो. 10 किलोओमच्या इनपुटला थेट जोडली तर आठशे हर्ट्झखालचं बहुतेक सगळं गळतं आणि आवाज चिरका येतो. गिटारच्या 1 मेगाओमच्या इनपुटला जोडा, खर्ज परत येतो. वायर आखूड आणि शिल्डची घ्या, नाहीतर घरातल्या विजेची 50 हर्ट्झची गुणगुण फुकट मिळते.

मंडळाच्या दोन भजनांना पत्रा लावून झालाय, तीन बाकी आहेत. घाई आहे, कारण मार्च लागला की आईला झाकण परत हवंय.