एका बॉटचे शंभर कसे करावेत

अभिनंदन. तुमच्या कंपनीत पहिला बॉट, म्हणजे माणसाचं संगणकावरचं ठरावीक काम आपोआप करणारा प्रोग्रॅम, चालला. म्हणजे चाकणच्या प्लांटमध्ये, लेखा विभागातल्या एका संगणकावर, कोणी हात न लावता बाण सरकला, एक बिल एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत गेलं आणि मागे उभ्या डायरेक्टर साहेबांच्या तोंडून ‘वा!’ निघालं. एवढ्या भांडवलावर तीन वर्षांचं बजेट मंजूर होतं. एव्हाना साहेबांनी ‘आता हे सगळीकडे करायचं’ असं फर्मावलं असेल आणि तुमच्या व्हिजिटिंग कार्डावर ‘ट्रान्स्फॉर्मेशन’ आलं असेल. पुढचा सल्ला तुमच्यासाठी.

सुरुवात मुहूर्ताने करा. खंडेनवमीला शॉपफ्लोअरवर लेथला आणि सीएनसीला झेंडूचे हार पडतातच, त्या रांगेत यंदा एक लॅपटॉप ठेवा. बॉटला नाव द्या, एम्प्लॉयी कोड द्या. कँटीनचं कूपन तेवढं देऊ नका, ऑडिटर विचारतात.

मग कोणती कामं यंत्राकडे द्यायची ते ठरवा. इथे एक पथ्य कडक पाळायचं: जो माणूस ते काम रोज करतो त्याला काहीही विचारायचं नाही. त्याच्या साहेबाला विचारा, जमलं तर साहेबाच्या साहेबाला. ही मंडळी बालेवाडीच्या हॉटेलात दिवसभर कार्यशाळा करतात, काचेवर पिवळ्या चिठ्ठ्या लावतात आणि चारच्या चहापर्यंत प्रक्रिया तयार होते. पीओ (आपली खरेदीची ऑर्डर), जीआरएन (माल मिळाल्याची नोंद), बिल. तिन्ही जुळले की पैसे. चौकोन, बाण, शेवटी हिरवा गोल. बघूनच प्रसन्न वाटतं.

त्या हॉटेलात काकू नसतात. लेखा विभागात खिडकीजवळ बसतात त्या, सगळे ज्यांना काकूच म्हणतात. त्या असत्या तर म्हणाल्या असत्या की कोल्हापूरचा फाउंड्रीवाला कास्टिंगचं बिल किलोवर लावतो आणि आपली ऑर्डर नगावर असते, त्यामुळे ही दोन कागदपत्रं आजवर कधी जुळलेलीच नाहीत. भोसरीचा प्लेटिंगवाला माल तीन चलानांवर पाठवतो आणि बिल एकच करतो. गेटवरचे मामा रात्रपाळीत चलानावर खोक्यांची संख्या मराठी आकड्यांत टाकतात. त्यांचे १४ तुमचं यंत्र अठ्ठ्याण्णव वाचणार, कारण इंग्रजी आकड्यांवर तयार झालेल्या नजरेला आपला एक नऊसारखा आणि चार आठासारखा दिसतो. काकू अशा वेळी फोन उचलून ‘अहो, चौदाच ना?’ विचारतात आणि सही करतात. हा फोन कुठल्याच चौकोनात बसत नाही, म्हणून त्याला ‘एक्सेप्शन’ म्हणायचं आणि पुढे सरकायचं.

एक्सेप्शन एका रांगेत जमा होतात. रांगेच्या दुसऱ्या टोकाला कोण बसतं? काकूच. फरक इतकाच की सोपी बिलं आता बॉट उचलतो आणि काकूंच्या ताटात नुसत्या गाठी पडतात. लिझान बेनब्रिज नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्येच लिहून ठेवलंय की स्वयंचलनात सोपं काम यंत्राकडे जातं, अवघड माणसाकडे उरतं आणि ते करायला लागणारा रोजचा सराव मात्र सुटतो. तुम्ही हे वाचू नका, बजेटच्या मीटिंगला चेहरा पडेल.

आता बॉटला चिकटवलेल्या ‘बुद्धिमान’ या विशेषणाचं बघू, कारण लायसन्सचे जास्तीचे पैसे त्याचेच आहेत. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्या बहुतेक व्यावसायिकांना दुसऱ्या व्यावसायिकाला दिलेलं बिल सरकारी पोर्टलवर नोंदवावं लागतं. त्यावर क्यूआर कोड येतो. त्यात विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा जीएसटी क्रमांक, बिल नंबर, तारीख, रक्कम, सगळं असतं, तेही डिजिटल सहीसकट. शंभर रुपड्यांचा अॅप ते बिनचूक वाचेल. म्हणूनच त्या वाटेला जाऊ नका. बिल प्रिंट करा, स्टोअरमध्ये पाठवा, तिथले काका त्यावर ‘माल मिळाला’चा गोल शिक्का मारतील (तो बरोब्बर क्यूआर कोडवरच बसतो, ही त्यांची हातोटी आहे), मग तिरका स्कॅन काढा आणि तो एआयला वाचायला द्या. एआय पंच्याण्णव टक्के खात्रीने काहीतरी सांगेल. पंच्याण्णव हा आकडा स्लाइडवर मोठ्या टायपात घ्या. खात्री आणि अचूकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे टाउनहॉलमध्ये, म्हणजे सगळ्या कंपनीच्या सभेत, कोणी विचारत नाही.

सरकारी पोर्टलवर लॉगिन करताना वेडीवाकडी अक्षरं ओळखून टाकावी लागतात. ती तुमच्या बॉटला येऊ नयेत म्हणूनच तिथे ठेवलेली असतात. शिवाय ओटीपी जातो सीएफओंच्या, म्हणजे कंपनीच्या वित्तप्रमुखांच्या, मोबाइलवर आणि सीएफओ असतात विमानात. यावर तोडगा सोपा आहे. बीकॉम झालेला एक अप्रेंटिस बॉटशेजारी बसवा. तो अक्षरं टाकेल, सीएफओंच्या ड्रायव्हरला फोन करून ओटीपी विचारेल आणि बॉट अडकला की एन्टर दाबेल. अहवालात त्याला ‘ह्यूमन इन द लूप’ (यंत्राच्या कामावर लक्ष ठेवणारा माणूस) म्हणा. पगारवाढ मागायला आला तर अप्रेंटिस म्हणा.

बचतीचा हिशोब मात्र मनापासून करा, कारण सगळा प्रकल्प त्यावर उभा असतो. एका बिलामागे वाचलेली मिनिटं, गुणिले बिलं, गुणिले बारा महिने, भागिले साठ, भागिले एका माणसाचे वर्षाचे तास. उत्तर येईल: साडेतीन माणसं वाचली. यातलं अर्धं माणूस कुठलं, हे कोणी विचारत नाही, आणि उरलेली तीन कोणाच्याच नजरेस पडत नाहीत, कारण ती एक्सेप्शनची रांग उपसत असतात. वाचलेले तास प्रत्यक्ष पाहायचेच असतील तर संध्याकाळी सात वाजता हिंजवडीच्या शिवाजी चौकात जा. पुण्यातल्या समस्त कंपन्यांचे वाचलेले तास तिथे क्लचवर पाय ठेवून उभे असतात.

लेखा झालं की एचआर घ्या. इथे ऑस्ट्रेलिया सरकारचा आदर्श समोर ठेवावा. तिथे भत्ता घेणाऱ्या गरिबांचं वर्षाचं उत्पन्न संगणकाने पंधरवड्यांत सरसकट वाटलं आणि ‘तुम्ही जास्त पैसे उचललेत’ अशा नोटिसा धाडल्या. चार महिने काम मिळालं आणि आठ महिने घरी बसलो, हे सिद्ध करायची जबाबदारी ज्याची त्याच्यावर. २०२० मध्ये सरकारला अशा ४ लाख ७० हजार वसुल्या मागे घेऊन सुमारे ७२ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर परत करण्याचं जाहीर करावं लागलं. पुढे चौकशी आयोगही बसला. पण तोवर यंत्रणा किती झपाट्याने पसरली होती ते बघा! तुम्हीही ओव्हरटाइमची महिन्याची सरासरी काढा आणि हरकत असेल त्याला चॅटबॉटशी बोलायला सांगा.

बॉटची संख्या वाढली की एक गंमत होते. ज्या पोराने ते लिहिले तो खराडीत चाळीस टक्के जास्त पगारावर निघून जातो. आयटीवाले शिस्तीने त्याचं लॉगिन बंद करतात आणि त्या लॉगिनवर चालणारे सगळे बॉटही त्याच्यामागोमाग राजीनामा देतात. उरलेल्यांतले काही काय करतात हे कोणालाच माहीत नसतं, म्हणून त्यांना कोणी बंदही करत नाही. बॉटकडून येणारे इशाऱ्याचे मेल एका फोल्डरमध्ये आपोआप जातील अशी सोय करा. नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर दलालाकडे १ ऑगस्ट २०१२ च्या सकाळी बाजार उघडण्याआधी असे ९७ मेल आले होते. आठपैकी एका सर्व्हरवर जुना, वापरात नसलेला प्रोग्रॅम राहून गेला होता. मेल कोणी बघितले नाहीत. बाजार उघडला तसा तो जुना प्रोग्रॅम आपणहून सौदे करत सुटला आणि पाऊण तासात कंपनीने ४४ कोटी डॉलरहून अधिक घालवले. इतक्या वेगाने हे काम माणसाकडून झालं नसतं, हे ऑटोमेशनच्या विरोधकांनीही मान्य करावं.

आणि मार्चएंडला काकू निवृत्त होतील. शाल-श्रीफळ द्या, मागच्या स्लाइडवर बॉटची संख्या ठेवा. त्यांच्या जागी माणूस घेऊ नका, साडेतीन वाचलेली आहेतच. एप्रिल संपेपर्यंत रांग तुंबेल. लघुउद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करायला २००६ चा कायदा सांगतो, हे भोसरीवाला फोनवर सांगेल. कोल्हापूरवाला काहीच न सांगता माल थांबवेल. मग तुम्ही काकूंना सल्लागार म्हणून बोलवाल. दिवसाचे पैसे त्या सांगतील ते, आणि दुपारी जेवायला घरी जाणार.

महिनाअखेर त्यांचं पहिलं बिल येईल. हाताने लिहिलेलं, मराठी आकड्यांत, पीओ नाही, जीआरएनचा प्रश्नच नाही. बॉट ते एक्सेप्शनमध्ये टाकेल. कसं सोडवायचं ते काकूंनाच विचारा. त्याचं बिल त्या वेगळं लावतील.