म्हणे प्रिंटर ऑफलाइन!

परत ऑफलाइन! अहो, हाताच्या अंतरावर बसलाय तो, निळा दिवा लावून. बायकोच्या मोबाइलला दिसतो, पोराच्या टॅबला दिसतो. ज्या कॉम्प्युटरसाठी आणला, फक्त त्यालाच दिसत नाही. रुसलेला जावई परवडला, निदान मानपान काय हवा ते तरी सांगतो.

मग साग्रसंगीत पूजा. प्रिंटर बंद-चालू, राउटर बंद-चालू, कॉम्प्युटर बंद-चालू. प्रिंटची रांग सांभाळणारा तो स्पूलर, तोही रीस्टार्ट. काढून पुन्हा जोडला, तर यादीत तेच नाव, शेपटीला 'कॉपी 1'! आणि सकाळी पाठवलेली प्रिंट? 'डिलिटिंग' म्हणत रांगेत ठाण मांडून.

कारण काय, तर कोथरूडात लाइट गेले, राउटर नव्याने सुरू झाला आणि त्याने प्रिंटरला दुसराच आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा घर नंबर, दिला. कॉम्प्युटर बसलाय जुन्या पत्त्यावर दार ठोठावत. तो पत्ता म्हणे आपणच राउटरमध्ये शिरून राखून ठेवायचा. का? आम्ही काय नेटवर्क इंजिनिअर आहोत? शिवाय बऱ्याच प्रिंटरना 2.4 गिगाहर्ट्झचंच वायफाय कळतं, 5 चं नाही. हे खोक्यावर ठळक छापायला काय धाड भरली होती? तिथे मात्र हसरं कुटुंब आणि 'सेटअप एकदम सोपा'.

कस्टमर केअरवाला तर थोरच. "सर, यूएसबी केबल लावून बघता का?" वायरलेसचे जादा पैसे मोजले ते केबल लावायला?

भाडेकराराची दोन पानं हवी होती हो फक्त. शेवटी पेनड्राइव्ह घेऊन निघालो झेरॉक्सवाल्याकडे. दुपारचे दोन. दुकान अर्थातच बंद.