काटा कोणाचा?

गोपाळच्या पानठेल्यावर खर्रा घोटायला सुरुवात झाली की आमची सभा भरते. परवाचा विषय निघाला बंडूमुळे. त्याचा एक टिप्पर गडचिरोलीतल्या सुरजागडच्या लोखंडाच्या खाणीच्या कामावर लागलाय, त्यामुळे हल्ली तो "आमची कंपनी" म्हणतो. टिप्परचा हप्ता तेवढा त्याचा स्वतःचा.

"आता तं भागीदारी आहे राजेहो," बंडू म्हणाला. "कामगारांले शेअर भेटले, उद्या ग्रामसभेलेही भेटन. आदिवासी मालक बनून राह्यले अन् तुमचं रडणं काही सरत नाही."

सोमाजीभाऊ पलीकडच्या दगडावर टेकले होते. एटापल्लीकडचे, त्यांच्या ग्रामसभेचं तेंदूचं रजिस्टर तेच लिहितात. त्यांनी नुसतं विचारलं, "काटा कोणाचा?"

"कोणता काटा?"

"ट्रक मोजते तो."

"कंपनीचाच राहीन ना गा! तुमच्या अंगणात बसवते का?"

"मंग मी कायचा भागीदार? माल किती गेला हेच मले दुसऱ्यानं सांगाव लागते."

"मला दोन मिनिटं बोलू द्या," म्हणत गुरुजींनी पेपरची घडी उघडली. निवृत्त झाले तरी गुरुजींच्या डोक्यातला तास काही संपत नाही. "कॅनडात हैस्ला नावाचा मूलनिवासी समाज आहे. गॅस द्रवरूप करून जहाजात भरण्याचा प्रकल्प. त्यात ५०.१ टक्के वाटा त्या समाजाचा! २०२४ मध्ये गुंतवणुकीचा निर्णय पक्का झाला. तेव्हा आपणही जरा सकारात्मक..."

"गुरुजी, तुमची उधारी ३४० वर गेली," गोपाळ म्हणाला. "तिच्याबद्दलही व्हा ना सकारात्मक."

सोमाजीभाऊ मात्र त्या आकड्यावर अडकले. "तो पॉइंट एक लय कामाचा आहे गुरुजी. अर्ध्याच्या वर गेलं म्हणजे आपल्याशिवाय पान हालत नाही. आपल्याले देणार तो शेअर चिल्लर आहे, चिल्लरले कोण विचारते?"

"अन् जिल्ह्याचा खनिज निधी?" बंडू उसळला. "२०१५ च्या कायद्यानं येते ना पैसा!"

"येते. जुन्या खाणपट्ट्याच्या रॉयल्टीवर ३० टक्के, लिलावातल्या पट्ट्याच्या १०. पण पैसा जाते जिल्ह्याले अन् धूळ येते गावाले."

तेवढ्यात तीन ट्रक एकामागं एक गेले. गोपाळनं सवयीनं सुपारीच्या डब्यावर पन्नी ओढली, तरी झाकणावर लाल थर बसलाच. त्यात बोटानं रेघ मारत सोमाजीभाऊ तेंदूकडे वळले. एरवी चार शब्दांत आटोपणारा माणूस, पण तेंदू म्हटलं की सुटतो.

"७० पानाचं पुडकं, १००० पुडक्याची गोणी. पानं गोळा होते त्या फळीवर आमची म्हातारी पुडकं नुसतं हातात घेते अन् सांगते, दोन पानं कमी हायेत. ठेकेदार लिलावाले आमच्या सतरंजीवर येऊन बसते. पटलं तं घेते, नाही तं उठून जाते. तो गिऱ्हाईक आहे, मालक आम्ही. मेंढा-लेखा गावात तं २०११ मध्ये जयराम रमेश, केंद्राचे मंत्री, खुद्द येऊन बांबूच्या वाहतुकीचे पास ग्रामसभेच्या हातात देऊन गेले."

"अन् तेंदूचं काम किती दिवस? पंधरा-वीस! बाकीचं वर्ष काय पानं चावता?" बंडूनं आता खरा घाव घातला. "तुमचा पोरगा कुठं जाते मग? खाणीच्या गेटवर शिट्टी वाजवते ना?"

सगळे गप्प. हे सगळ्यांनाच माहीत होतं, पण कोणी काढत नव्हतं.

"जाते. मी अडवलं नाही," सोमाजीभाऊ म्हणाले. "पगार घेते अन् पगारी आहो म्हणून सांगते. त्याले कोणी मालक म्हणलं तं तोही हासते."

वातावरण बदलावं म्हणून मी ऑस्ट्रेलिया काढला. तिथं जुकान घळीत ४६ हजार वर्षांपासून माणसांचा वावर होता. २०२० मध्ये लोखंडाच्या खाणीसाठी तिथल्या गुहा सुरुंगानं उडवल्या. तिथल्या मूळ लोकांशी कंपनीचा रीतसर करार होता, तरीही. वातावरण बदलायला हा विषय काही बरा नव्हता, हे बोलून झाल्यावर कळलं.

"सुरजागडावर आमचा ठाकूरदेव आहे," एवढंच म्हणून सोमाजीभाऊ बाजूला जाऊन थुंकून आले. "ओडिशात नियमगिरीवर २०१३ मध्ये बॉक्साइटच्या खाणीसाठी बारा ग्रामसभांले विचारलं. बाराच्या बारा नाही म्हणल्या. विचारलं, म्हणून म्हणता आलं."

"तुम्हाले कितीही द्या, काट्यावरच अडकान," बंडू पुटपुटला.

"काट्यावरून आठवलं बे बंड्या," गोपाळचा हात घोटता घोटता थांबला. "मंडईच्या जत्रेचा बोकड!"

"आता ते काहून काढतं?"

"अर्धे पैसे माहे, अर्धे तुहे. बोकड कापला तुह्या वाड्यात, मोजला तुह्या काट्यावर. माह्या घरी काय आलं? मुंडी, पाय अन् तुह्या पोराच्या हातची चिठ्ठी, 'हिशेब बरोबर आहे'!"

"बोकडच हाडकुळा होता!"

"वस्तुतः," गुरुजी चष्मा पुसत म्हणाले, "त्या बोकडात माझेही दोनशे होते."

यावर सोमाजीभाऊ इतके हसले की त्यांना ठसका लागला. बंडूही हसला, पण जरा उशिरा. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. ड्रायव्हर. टिप्पर सकाळपासून रांगेत उभा, काट्यावर नंबरच लागत नव्हता. शिव्या देत त्यानं गाडीला किक मारली.

"खर्ऱ्याचे पैसे?" गोपाळ ओरडला.

"भागीदारीत लिही!"

गोपाळनं ते गुरुजींच्या खात्यावर लिहिले.