चार लाख पाठभेद, म्हणून मूळ मजकूर गेला?

बायबलच्या नव्या कराराबद्दल एक दावा वारंवार फिरतो. मूळ प्रत एकही उरलेली नाही, उरलेल्या प्रतींत चार लाखांहून अधिक पाठभेद (प्रतीप्रतींतले शब्दांचे फरक) आहेत, आणि 325 साली निकियाच्या धर्मपरिषदेत रोमन सम्राट कॉन्स्टंटाईनने मजकूर बदलून घेतला; सबब मूळ शब्द कळणे अशक्य.

मूळ प्रत नाही, हे खरे. प्राचीन काळच्या जवळपास प्रत्येक ग्रंथाचे तेच आहे.

चार लाखांचा आकडाही खोटा नाही, हिशेब मात्र उलटा आहे. ही बेरीज पाच हजारांहून अधिक ग्रीक हस्तलिखितांची. एकच प्रत उरली असती तर पाठभेद शून्य भरले असते आणि तिच्यातली एकही चूक पकडता आली नसती. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली तीही ढीगभर पोथ्या ताडून पाहूनच. शिवाय यातले बरेचसे भेद निव्वळ शुद्धलेखनाचे आहेत. भाषांतरात ते दिसतसुद्धा नाहीत.

उरलेल्यांत चूक कशी झाली हे शोधावे लागते. योहानाच्या पहिल्या पत्रात (2:23) लागोपाठची दोन वाक्ये ग्रीकमध्ये त्याच तीन शब्दांनी संपतात. नक्कल करणाऱ्याची नजर पहिल्या शेवटावरून थेट दुसऱ्यावर गेली आणि दुसरे वाक्य गळाले. मध्ययुगातल्या बहुसंख्य प्रतींत ते नाही. चौथ्या शतकातल्या सिनाय आणि व्हॅटिकन कोडेक्सांत (हस्तलिखित ग्रंथांत) आहे. म्हणून प्रतींची नुसती डोकी मोजून भागत नाही. लूकच्या शुभवर्तमानात (11:2) उलटे घडले. व्हॅटिकन कोडेक्समध्ये येशूने शिकवलेली प्रार्थना नुसत्या ‘पित्या’ या हाकेने सुरू होते, नंतरच्या बहुतेक प्रतींत ‘आमच्या स्वर्गातील पित्या’. मत्तयाच्या शुभवर्तमानातली ही प्रार्थना तोंडपाठ असलेल्या लेखनिकाने ते शब्द भरले हे सहज पटते. असलेले शब्द त्याने गाळले असते, तर कारण सापडत नाही. ज्या पाठावरून बाकीचे पाठ कसे उपजले हे उलगडते, तो जुना.

निकियाचा मुद्दा थोडक्यात आटोपतो. परिषदेचे वीस नियम उपलब्ध आहेत. बायबलच्या मजकुराबद्दल त्यांत अवाक्षर नाही. पौलाच्या पत्रांचे पपायरसवरचे हस्तलिखित पी46 त्याआधीचे, साधारण 200 सालचे. तोवर लॅटिन भाषांतरेही वापरात होती. इतक्या विखुरलेल्या प्रती गोळा करून बदलणे कोणाच्याच हातात नव्हते.

घुसडलेला मजकूर आहेच. योहानाच्या पहिल्या पत्रातले (5:7) स्वर्गातल्या तीन साक्षीदारांचे वाक्य विद्वान इरॅस्मसने ग्रीक नव्या कराराच्या 1516 च्या छापील आवृत्तीत घेतले नव्हते, 1522 मध्ये घेतले. ते मागाहूनचे आहे हे कळले, तेही प्रती ताडूनच.

दावा करणाऱ्यांनी बोट ठेवायला हवे होते ते वेगळ्या जागी. प्रती ताडून सर्व प्रतींच्या समान पूर्वजापर्यंत पोचता येते. तो पूर्वज आणि लेखकाने लिहवून घेतलेली प्रत यांत काय बदलले, ते या पद्धतीने दिसत नाही. काही ठिकाणी पूर्वजही निसटतो. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात (3:10) पृथ्वी आणि तिच्यावरील कामे ‘सापडतील’ असे सर्वांत जुन्या ग्रीक प्रती म्हणतात. अर्थ लागत नाही, म्हणून नेस्ले-आलांड या अभ्यासकांच्या ग्रीक नव्या कराराच्या 2012 च्या आवृत्तीने ‘सापडणार नाहीत’ असे छापले. तो नकार एकाही ग्रीक हस्तलिखितात नाही. त्याला आधार कॉप्टिक आणि सिरियाक या प्राचीन भाषांतल्या भाषांतरांचा.